शेवटच्या माणसाच्या मागे

मेरोल गावच्या शर्यतीत गिलेन पेरोतँ एकोणीस वर्षं धावली आणि एकोणीस वर्षं शेवटची आली. यात तिचा काही दोष नाही, ते तिचं कामच होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ओकच्या रानातून आणि तीन तळ्यांच्या बांधांवरून चौदा किलोमीटरची शर्यत निघते, तेव्हा सगळ्यांच्या मागे कुणीतरी राहावं लागतं. वाट दाखवायला फांद्यांना बांधलेल्या नारिंगी फिती सोडवून गोळा करत यायचं, कुणाचा पाय मुरगळला तर त्याला सावरायचं आणि शेवटच्या माणसाला सुखरूप गावात आणायचं. नियम एकच, पण कडक. शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. तो चालला तर आपण चालायचं, तो बसला तर आपण थांबायचं. भल्याभल्यांना हे जमत नाही, दोन किलोमीटरमध्येच त्यांचे पाय शिवशिवायला लागतात.

गिलेनला जमायचं, कारण घाई म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं तिनं पिवळ्या गाडीतून गावाचं टपाल वाटलं. लोक म्हणायचे, गिलेनच्या हातची लग्नपत्रिका बारशाला पोचते. पण पोचते हेही म्हणायचे. लग्न तिनं केलं नाही. आईबरोबर चर्चमागच्या घरात राहिली, बकऱ्या पाळल्या, आणि कुणाच्या अध्यातमध्यात कधी पडली नाही.

शर्यतीची वाट मुळात तिच्या धाकट्या भावानं, रेजीसनं शोधून काढलेली. तो लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि दर रविवारी सकाळी धावायला जायचा. कुठल्या बांधावरून दुसऱ्या बांधावर जाता येतं, कुठे चिखल लागतो, कुठल्या मालकाला विचारायला लागतं, सगळं त्यानं पायांनी शिकून घेतलं होतं. सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो याच वाटेवर, मधल्या तळ्याच्या बांधाखाली मेला. रानडुकरांचा हाका चालू होता. नॉर्बेर शोव्रोला झुडुपात हालचाल दिसली आणि त्यानं गोळी झाडली.

हाका असला की वाटेच्या तोंडाशी 'शिकार चालू आहे' अशी पाटी रोवावी लागते. पाटी तिथे होती. पोलिसांच्या फोटोतही ती दिसते. न्यायालयानं नॉर्बेरचा परवाना काढून घेतला, शिक्षा दिली पण तुरुंगात पाठवलं नाही. गावानं मात्र आपला वेगळा निकाल लावला, आणि तो मेलेल्या माणसावर लावला. पाटी वाचूनही रेजीस आत घुसला, असं सगळे धरून चालले. पावाच्या दुकानातली आर्लेत तर गल्ल्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "ज्याला पाटी दिसत नाही त्याला डुक्कर तरी काय दिसणार!" गिलेन पाव घ्यायची आणि निघून यायची. तिनं कधी वाद घातला नाही. केवढा सोशिकपणा, असं लोक म्हणायचे.

नॉर्बेरचं टपालही ती निवृत्त होईपर्यंत नेऊन देत राहिली. फाटकावरच्या पेटीत टाकायचं आणि वळायचं. तो खिडकीत असायचा. त्यानं दार उघडलं की ती गाडीत बसलेली असायची.

या वर्षी एप्रिलमध्ये आई गेली. आणि सप्टेंबरमध्ये, शर्यतीच्या सकाळी, आयोजक समितीचा ज्योएल यादी घेऊन गिलेनकडे आला. हा तिच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली की मान खाजवणारा.

"गिलेन, यंदा मागे मी राहतो. तुम्ही खाण्याच्या टेबलाकडे बघा."

"का? मला काय धाड भरलीय?"

"तुम्हाला नाही हो. यादीत नॉर्बेर आहे. त्याचे गुडघे गेलेत, तोच शेवटचा येणार."

"मग तो माझाच," गिलेन म्हणाली आणि कात्री खिशात टाकली.

तिच्या मनात काय होतं ते तिलाच माहीत. सहाव्या किलोमीटरला डांबरी रस्ता ओलांडायचा असतो. तिथे ठरल्या वेळेत पोचला नाही त्याच्या छातीवरचा क्रमांक काढून घ्यायचा अधिकार मागच्या माणसाला असतो. एकोणीस वर्षांत तिनं तो एकदाही वापरला नव्हता. आज वापरणार होती. या माणसाचा पाय त्या बांधावर पडू द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पण नॉर्बेर दोन मिनिटं राखून रस्त्याला पोचला. धापा टाकत होता, डावा पाय ओढत होता, पण पोचला. तिथे उभ्या असलेल्या पोलिसानं हात दाखवून त्याला रस्ता ओलांडू दिला. गिलेनच्या हातात फितींचा जुडगा होता, तो तिनं जोरात पोत्यात कोंबला. नियम म्हणजे नियम. ती त्याच्या मागे चालू लागली.

मधल्या तळ्याशी दोघंच होती. पाणी उतरलं होतं, कडेच्या बोरूत बगळा उभा होता. बांधाच्या मध्यावर नॉर्बेर थांबला. गिलेन दहा पावलं मागे थांबली.

"दमलायस तर सांग. गाडी बोलावते."

"दमलो नाही."

"मग चल."

"चाललो तर तू मागून येशील, बोललो तर ऐकणार नाहीस. इथे थांबलो तर तुला थांबावंच लागेल. म्हणून तर नाव दिलं."

दोघं एका शाळेत होती. तिच्या मागच्या बाकावर बसून तो तिच्या वेण्या ओढायचा.

"घरी आलो असतो," तो म्हणाला, "पण तुझी आई होती. तिच्यासमोर माझी जीभ उचलली नसती. पत्र लिहिलं तर ते आणून तूच देणार, तुझ्याच घरी."

"काय बोलायचंय ते बोल, नॉर्बेर."

"पाटी नव्हती."

तिला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. त्या दिवशी पाटी लावायचं काम त्याच्याकडे होतं. तो विसरला. पाटी त्याच्या गाडीत मागच्या बाजूला पडून होती आणि रेजीस मोकळ्या वाटेनं आत आला.

"फोटोत पाटी आहे," गिलेन म्हणाली.

"मी नंतर लावली. गोळी लागल्यावर फोन आणायला वाटेच्या तोंडाशी उभ्या गाडीकडे पळालो. फोन शोधताना ती हाताला लागली. रोवली, हातोडीनं ठोकली. मग फोन केला."

"पाटी ठोकून मग फोन?"

"हो. आधी पाटी, मग फोन."

मग तिनं विचारलं, आणि विचारताना तिला उत्तर नको होतं.

"तो जिवंत होता?"

"श्वास चालू होता." नॉर्बेर रडायला लागला. "डॉक्टर म्हणाले, तसाही वाचला नसता. खरंच म्हणाले, गिलेन."

"ते मला सांगू नकोस."

तिला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, वाटलं. कमरेएवढं पाणी, खाली चिखल, आणि त्याचे ते गुडघे. ती जागची हलली नाही. नॉर्बेर तिच्याकडे बघत होता. तिनं मारावं किंवा माफ करावं, कुठलंही चाललं असतं त्याला.

"संपलं तुझं?" तिनं विचारलं.

"संपलं."

"नाही संपलं. मला एकटीला रानात सांगून मोकळा होतोस काय? गावात माणसं बसलीयत. रस्त्यावरचा पोलीसही तिथे आला असेल. चल पुढे."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"होईल. बस, रड, ओक, काय ते कर. मी मागे आहे. मला कुठे जायचंय?"

उरलेल्या सहा किलोमीटरला दोन तास लागले. तो तीनदा खाली बसला. तिनं त्याला पाणी दिलं. एकेक फीत सोडून पोत्यात भरत राहिली.

चौकात बाकीचे बटाट्याची गलेत, ही इथली जाड भाजकी पोळी, खात बसले होते. दोघं दिसली तशी सवयीनं टाळ्या सुरू झाल्या आणि नॉर्बेरला ओळखल्यावर थांबल्या. गिलेन म्हणाली, "ज्योएल, माईक त्याला दे." ज्योएलनं मान खाजवली आणि दिला.

नॉर्बेरनं सगळं सांगितलं. फोनाआधी पाटी, हेही. त्याचा आवाज फाटत होता आणि कर्ण्यातून तो चर्चपर्यंत जात होता. संपल्यावर माईक त्यानं टेबलावर ठेवला आणि स्वतःच चौकाच्या कडेला येऊन उभ्या राहिलेल्या पोलिसाकडे चालत गेला. कुणी त्याला अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही.

मग आर्लेत उठली. सत्तरीची बाई, हातात अर्धी खाल्लेली गलेत, ती ठेवायचंही भान नाही. गिलेनसमोर येऊन उभी राहिली.

"आम्ही काय काय बोललो गं त्याला," ती म्हणाली. "सहा वर्षं. आणि तू एका शब्दानं उलटून बोलली नाहीस. तुला आतून माहीत होतं ना, आपला रेजीस तसा नव्हता?"

सगळे ऐकत होते. गिलेननं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. लोकांनी तिला तेवढं श्रेय देऊनही टाकलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी तुमच्यासारखंच धरून चालले होते. आईला माहीत होतं. रोज जेवताना म्हणायची, माझा रेजीस पाटी बघून मागे फिरला असता. आणि मी रोज म्हणायचे, आई, पुरे कर आता, फोटोत पाटी दिसतेय. शेवटी शेवटी तिनं म्हणणंच सोडून दिलं."