खळीची चव

बाइंडर काका पुस्तकं बांधायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवायचे. ती झाली की नाही, हे बोटाने चाटून ठरवायचे. चाळीस वर्षं हाच धंदा. माझी साहित्यातली पदवी त्यांच्या दुकानातली जुनी पुस्तकं वाचूनच झाली.

गेल्या वर्षी ते वाळत चालले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, सीलिअ‍ॅक आहे. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाला तुमच्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी, शत्रू समजतात, बाकीच्या पेशींनाही चेतवतात. त्या हल्ल्यात आतड्यातली बारीक लव झिजते, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही.

"म्हणजे राखणदारानेच घर फोडलं," काका म्हणाले.

"राखणदार इमानी आहेत हो. ओळखायला चुकतात, आणि ती चूक जन्मभर विसरत नाहीत. कणभर गहूही चालणार नाही."

काकूंनी घरातून गहू हद्दपार केला. आठ महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट तसाच. वजन आणखी दोन किलो उतरलेलं. काकू तडक दुकानात आल्या. मी तिथेच वाचत बसलो होतो.

"अहो, खरं सांगा. कुठल्या बेकरीत जाता?"

"अगं, बेकरीच्या दारातही उभा राहत नाही."

"मग त्या पेशी काय हवेशी भांडतात?"

इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी काकांना पहिल्यांदाच खोटं ठरवलं होतं. ते पातेल्याकडे वळले. खळ ढवळली. बोट बुडवलं आणि चाटलं.

मी बघतच राहिलो. हे मी रोज बघत होतो.

"काका, खळ कशाची?"

"गव्हा..." बोट तोंडाजवळच थांबलं. "पण हे खाणं थोडंच आहे? काम आहे हे."

"ते तुमच्या पेशींना समजावा," काकू म्हणाल्या, आणि रडता रडता हसू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून तांदळाच्या पिठाची खळ. पहिल्याच आठवड्यात तीन पुस्तकांचे पुठ्ठे सुटले. "या वयात पुन्हा शिकाऊ उमेदवारी!" काका करवादले. पण शिकले.

पुढचा रिपोर्ट बराच सुधारला होता. काकूंनी तो दोनदा वाचला. मग दुकानात स्टुलावर येऊन बसल्या.

"मी तुम्हाला खोटारडं म्हटलं."

"म्हटलंस तर म्हटलंस. हे पान धर जरा, खळ सुकतेय."

काकूंनी पान दोन्ही हातांनी धरलं.