लाईट धरणारीचा आवाज

माझ्या घरात शेकडो लग्नं पडलेली आहेत. कपाटात, खोक्यांत, पलंगाखाली, जिकडं हात घालाल तिकडं सीड्या. त्यातल्या बहुतेक लग्नांना माझी बायको हजर होती आणि एकाही लग्नात तिचा आवाज नाही. तो मी काढला. माझ्या हातानं.

कारंज्यात माझा छोटासा स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग, साक्षगंध, हळद, नामकरण, जे मिळेल ते. हळदीला बायकांच्या घोळक्यात पुरुष माणूस कॅमेरा घेऊन घुसला की सगळ्या आक्रसून बसतात. म्हणून मी बायकोला सोबत न्यायला लागलो. शिरपूर असो की किन्हीराजा, एसटीनं जायचो. कॅमेऱ्याची बॅग माझ्या खांद्यावर, हॅलोजनचा लाईट तिच्या मांडीवर. मांडवात ती माझ्या डाव्या अंगाला लाईट धरून उभी राहायची आणि तिचं तोंड एक मिनिट बंद नसायचं. "अवं मावशी, पदर सरका जरासा. नवरीबाई, इकडं पाह्य माह्याकडं, त्या कॅमेरावाल्याकडं नोको पाहू, तो तं असाच तोंड फुगवून राह्यते." बायका खदाखदा हसायच्या आणि माझं शूटिंग व्हायचं. लोक म्हणायचे, तुमच्या व्हिडिओत माणसं किती मोकळी दिसतात हो! मी मान डोलवायचो. कारागिरी माझी, असंच मला वाटायचं.

मांडवातला खरा आवाज कोणालाच नको असतो. भांडी आदळतात, जनरेटर बोंबलतो, कोणीतरी मीठ कुठं ठेवलं म्हणून ओरडतं. आमच्या धंद्यात तो सगळा आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची, ही रीतच. त्यात मी तर जास्तच काटेकोर. काही जण खालून थोडा थोडा आवाज राहू देतात. मी नाही. साफ बंद. काम पोचतं झालं की मूळ शूटिंगही पुसून टाकायचो, कारण कॉम्प्युटरमध्ये जागाच उरायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात बायकोला ताप आला. अकोल्याला नेलं. आठव्या दिवशी ती गेली.

वर्ष भरत आलं तेव्हा मुलगी घरी आली. ती वाशीमला नोकरीला असते. तिच्या पहिल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं काय काय करायचं, कोणाकोणाला सांगायचं, याची यादी करत बसलो होतो. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, मले आईचा आवाज आठवून नाही राह्यला. काय बोलायची थे आठवते. आवाज नाही येत कानात."

मी उगाच खेकसलो, "बह्याडावानी काहीतरी नको बोलू." पण रात्रंदिवस तेच तर माझंही होत होतं. मी फक्त सांगत नव्हतो.

मुलीच्या मोबाईलमध्ये आईचे फोटो ढिगानं. पण मोबाईल समोर धरला की ही तोंडाला पदर लावून मुकी व्हायची. लाईटच्या मागं असली तरच बोलायची. तिच्याकडं फोनही साधा, बटणांचा. मग मुलगी म्हणाली, सीड्या लावू. दोन दिवस लावल्या. गाणी, गाणी आणि गाणी. नवऱ्या हसताहेत, म्हाताऱ्या टाळ्या देताहेत आणि वर कोणी दुसरीच गाते आहे. शेवटी मुलगी भडकली. "तुमी साऱ्याईचा आवाज काढला? एकबी नाही ठेवला? काहून?"

काय सांगू तिला? आमच्या धंद्यात तसंच करतात म्हणून?

तेव्हा मला एक हळद आठवली. किन्हीराजाकडची. हळदीनंतर ते लग्न मोडलं, व्हिडिओ मागायला कोणी आलं नाही, म्हणून मी त्यावर गाणी चढवलीच नव्हती. पुसलंही नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये असेल तर तेवढंच असेल.

जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत, चादर टाकून. चालू झाला, हेच नशीब. तारीख भलतीच दाखवत होता. फाईल सापडली आणि चालवली तर चित्र अडखळत सुरू झालं, आवाज नाही. मागं एकदा घरावर वीज कडाडली तेव्हा त्याचा सीडीचा ड्राइव्ह आणि स्पीकरची, पेनड्राइव्हची दोन्ही भोकं जळली होती, हे मी विसरूनच गेलो होतो. पडद्यावर हळदीनं माखलेली नवरी पोट धरून हसत होती. कॅमेऱ्याकडं नाही, डावीकडं बघून. डावीकडं कोण उभं असायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मुलीनं पडद्याला बोट लावलं.

बाजारातला दुरुस्तीवाला येऊन डिस्कला कान लावून गेला. टिकटिक करते आहे म्हणाला, उघडू नका, हलवू नका, बंद तर करूच नका, पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. वायरनं मुलीच्या लॅपटॉपवर ओढता आलं तर ओढा. म्हणजे एकच रस्ता राहिला.

रविवारी सकाळी वायर जोडली. दोन्ही मशीन एकाच राऊटरवर, तीन हातांवर एकमेकांसमोर, आणि ओळख द्यायला तयार नाहीत. आधी जुन्यावरचं फोल्डर शेअर केलं. मग त्याचं फायरवॉल आडवं आलं, ते बंद केलं. आता लॅपटॉपवर जुन्याचं नाव टाकलं तर उत्तर येत होतं, पण फोल्डर उघडायला गेलं की नकार. "आहे म्हणते अन् आत नाही घेत, असं कसं?" मी टेबलावर हात आपटला. मुलगी म्हणाली, "बाबा, टेबल हलवू नका! डिस्क!" मी हात मांडीखाली दाबून बसलो.

तिनं मोबाईलवर वाचून काढलं. हा जुना ज्या पद्धतीनं बोलतो, ती पद्धत नव्या मशीनांनी बंद करून टाकली आहे. धोक्याची आहे म्हणे, चोर शिरतात. माझ्या घरात काय ठेवलंय चोरानं न्यायला? लॅपटॉपच्या आत कुठंतरी खोल तो जुना भाग बंद करून ठेवलेला होता. तिनं तो चालू केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. एवढ्या वेळात मी मनातल्या मनात त्या जुन्या डब्याला विनवत होतो, बाप्पा, थोडा दम धर. जन्मात कोणत्या मशीनपुढं अशी गयावया केली नव्हती.

आता नाव आणि पासवर्ड मागायला लागला. नाव दिलं. पासवर्ड तर मी कधी ठेवलाच नव्हता, घरातल्या घरात कशाला? रिकामा ठेवला की हाकलून द्यायचा. दहा वेळा हाकललं. मग मुलीला सापडलं की पासवर्ड नसलेल्या माणसाला वायरवरून तो आत घेतच नाही. म्हणून जुन्यावर जाऊन पासवर्ड ठेवला, फिरून लॅपटॉपवर टाकला आणि फोल्डर उघडलं.

कॉपी चालू केली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. मधेच थांबायची, तेव्हा डिस्क जोरात टिकटिक करायची. दुपारचं जेवण कोणी काढलं नाही. पट्टी भरली तेव्हा मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "लाव."

आधी जनरेटर ऐकू आला. मग भांडी. तोच सगळा कचरा, जो मी आयुष्यभर काढून टाकला. आणि मग अगदी डाव्या कानाशी ती बोलली. "अवं बाई, नाकाले हळद लागली तुह्या. पुसू नोको, राहू दे, लय साजरी दिसून राह्यली."

मुलगी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "हाच. बाबा, हाच आवाज."

बायका हसल्या. ती आणखी काहीबाही बोलली, कोणाच्या तरी नवऱ्यावरून. मग तिनं आवाज खाली आणला, ती माझ्याशी बोलत होती. "आवो, मी बोलून राह्यली थे सारं येते काय याच्यात?"

कॅमेरा माझ्याच हातात असायचा, म्हणून माझा आवाज तिच्याहून मोठा आला. "येऊ दे. तू बोल बिनधास्त. तुहा आवाज मी मागून काढून टाकतो ना."

"हाव, मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा बायकांशी बोलायला लागली.

मी पोरीसमोर पहिल्यांदा रडलो. रडलो म्हणजे मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असा. बायको गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. मुलीनं व्हिडिओ थांबवला. पाठीवर हात ठेवला. मग दबकत विचारलं, "बाबा, कार्यक्रमात लावू तवा तुमचं तेवढं वाक्य मी कापून टाकू काय? येते मले."

"नाही," मी म्हटलं. "एक अक्षर कापू नोको."