मामांच्या मोटारीला गिऱ्हाईक

मोटार एकच, पण तिच्यापायी जमलेले किस्से सांगायला बसलो तर चहा गार होतो! म्हणून मोजकेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. साताऱ्याचे आमचे मामा पलटणीतले निवृत्त सुभेदार. एका साहेबाची जुनी मोटार त्यांनी वर्षानुवर्षं जिवापाड सांभाळलेली. पण मोतीबिंदू झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. मामा म्हणाले, "भाच्या, किंमत तू बघ. पण गाडी चांगल्या घरात पडली पायजे, न्हाईतर मला घास उतरायचा न्हाई." मी गिऱ्हाईक शोधायला लागलो.

*

लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायचं, म्हणजे मिळायचंच नाही! गाडी विटांवर चढवलेली. तरी मामा रोज ती पुसून स्टिअरिंगमागं अर्धा तास बसत. मामींनी चहाला हाक मारली की म्हणत, "अगं, मी ड्युटीवर हाय!" मग चहाच गाडीत जायचा.

*

गाडीत बसायचं ते वहाणा काढून, हा मामांचा कायदा. कोरेगावचा एक बागाईतदार आमच्या दारात वहाणा काढून गाडीत बसला. मी चक्कर मारता मारता कोरेगाव आलं, तसा तो घरी उतरला. भर उन्हात, अनवाणी! गाडी त्यानं घेतली नाही. दुसऱ्या दिवशी वहाणा न्यायला मात्र बैलगाडी जुंपून आला.

*

एक पैलवान आला. दंड थोपटून त्यानं गाडी सुरू करायचं पुढचं हँडल असं काही गरकन फिरवलं, की गाडी ढिम्म आणि पैलवान चिखलात! मामांनी दोन बोटांनी अर्धा फेरा दिला. गाडी सुरू! मामा म्हणाले, "कुस्ती न्हवं गड्या, माया लागती."

*

माणदेशातल्या एका पावण्यानं विचारलं, "मागं चार शेरडं बसतील का वो?"

"शेरडं बसतील," मामा कडाडले, "तुमी बसायचं न्हाई!"

*

शेवटी सांगलीचे हळदीचे एक शेठ आले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी एवढंच विचारलं, "थंडीत हिच्यावर काय घालता?"

"घोंगडं."

"आमच्याकडं रजई हाय."

मामांनी तिथल्या तिथं किल्ली काढून दिली. किंमत मी नंतर ठरवली!

*

गाडी न्यायला शेठचा ड्रायव्हर आला. मामा मागच्या सीटवर बसले. म्हणाले, "नाक्यापतूर सोडून येतो."

संध्याकाळ झाली, मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सांगलीहून कार्ड आलं. मी मामींना वाचून दाखवलं: 'ड्रायव्हर वळणावर लय घाई करतो. त्याला शिकवून येतो. माझी धोतरं पाठव.'

मामींनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडी इकलीस ते बेस केलंस. पर मालक फुकट दिलास व्हय रं?"