रंगरावमामांची दोन दिवसांची सहल

माझे मामा रंगराव चौतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात लोकांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले. हीच त्यांची नोकरी होती. कामगारानं नट उचलला की बटण दाबायचं, घट्ट बसवला की परत दाबायचं, आणि मग साहेबाला सांगायचं की हा माणूस मधे एकदा वाकतो, ते वाकणं काढलं तर चार सेकंद वाचतील. या खात्याला टाइम स्टडी म्हणतात. कामगार त्याला दुसरं काही म्हणायचे, ते इथं लिहिता येणार नाही.

मामा चोविसाव्या वर्षी करमाळ्याहून आले. भोसरीत पाच जणांत एक खोली केली, मग थेरगावात डांगे चौकाजवळ स्वतःचा फ्लॅट घेतला. सगळं रीतसर झालं, पण घड्याळ कंपनीच्या गेटवर ठेवून घरी यायची अक्कल त्यांना कधी आली नाही. सावित्रीमामीची एक पोळी एक्केचाळीस सेकंदांची आहे, हे त्यांनी लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मोजलं. पिठाचा डबा डावीकडून उजवीकडे घेतला तर छत्तीसवर येईल, असं म्हणून तो स्वतःच हलवलाही. मामीनं त्या संध्याकाळी भात केला. पुढचे नऊ दिवस भातच केला. दहाव्या दिवशी मामांनी डबा मुकाट्यानं परत डावीकडे ठेवला.

माझ्या आजोबांच्या दहाव्याला घाटावर कावळा काही पिंडाला शिवेना. सगळे हात जोडून उभे. कुणी म्हणे, म्हाताऱ्याचा जीव धाकट्या लेकीत अडकलाय, कुणी म्हणे विहिरीत. मामांनी खिशातून डायरी काढून लिहिलं, 'प्रतीक्षा बावीस मिनिटं. कावळ्यांची संख्या अपुरी.' मी स्वतः वाचलंय म्हणून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी माहेरच्या माणसाची टिंगल करतेय.

मी त्यांची भाची, स्वरूपा. महाळुंग्याच्या एका कंपनीत एचआरमध्ये होते. लग्न होऊन चाकणच्या मागच्या डोंगरातल्या कातळवाडीत आले. गाव एवढंसं, पण गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, खोल पायऱ्यांची बारव आहे, आणि देवळामागं वीरगळांची रांग आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीला कोरलेले दगड. सासरच्या मळ्यात चार खोल्या रिकाम्या होत्या. मी नोकरी सोडली, खोल्या रंगवल्या, गाद्या घातल्या आणि पाहुणे ठेवायला लागले.

माझ्या सासऱ्यांना, आबांना, हे अजिबात पटलं नव्हतं. आमच्या पट्ट्यात चार रिकाम्या खोल्या म्हणजे कंपनीची पोरं ठेवायची, एका खोलीत सहा, हा सरळ हिशेब. पिंटू नावाचा लेबर कॉन्ट्रॅक्टर तर त्या खोल्यांवर डोळा ठेवूनच बसला होता. शेवटी आबांनी मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली.

"एका रातीला चारी खोल्या भरल्याल्या दाव," ते म्हणाले. "न्हाईतर दसरा झाला की पिंटूची पोरं येतील. मंग माझ्या नावानं रडायचं न्हाई."

माणसं येत नव्हती असं नाही. रविवारी सकाळी पिंपरी-चिंचवडातून गाड्या भरून यायच्या. देवळात घंटा वाजवायची, बारवेच्या पायरीवर फोटो काढायचा, मिसळ खायची आणि साडेअकराला गाडी वळवायची. मी दारात उभी राहून "राहा की एक रात्र" म्हणायची आणि ते "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचे. ती पुढची वेळ पाच महिन्यांत कुणाचीच आली नाही.

मी मामांना फोन केला आणि फोनवरच रडले. मामा नुकतेच रिटायर झाले होते आणि या माणसाला घरात दिवसभर ठेवायचं कुठं, हा मामीपुढचा मोठा प्रश्न होता. "अजिबात काळजी करू नको," मामा म्हणाले. "तुला दोन दिवसांचा शास्त्रशुद्ध कार्यक्रम बसवून देतो." मामीनं त्यांची पिशवी सहा मिनिटांत भरून दारात ठेवली. मामांनी मला पुढे कितीदा तरी कौतुकानं सांगितलं, की तुझ्या मामीनं इतकं चपळ काम जन्मात केलं नव्हतं.

दोन रविवार ते बारवेच्या कठड्यावर स्टॉपवॉच घेऊन बसले. मग तक्ता तयार झाला. पहिला दिवस देऊळ, बारव, जेवण, वीरगळ, टेकडीवरून सूर्यास्त. रात्री मुक्काम. दुसरा दिवस मळा, भाजलेली कणसं, मधमाश्यांच्या पेट्या, जेवण, निरोप. मला तो तक्ता इतका आवडला, की मी तो देवघराच्या भिंतीला चिकटवला.

पहिली तुकडी निगडीच्या एका सोसायटीतल्या अकरा ज्येष्ठ नागरिकांची. सकाळी आठला आले. आणि माणसं समोर दिसताच मामांचा हात शिवशिवायला लागला. जित्याची खोड, दुसरं काय. चपला काढायला वेळ जातो, म्हणून त्यांनी खडूनं चौकटी आखून नंबर घातले. बारवेत दोघादोघांच्या जोडीनं उतरवलं. चहा गरम असला की माणूस फुंकत बसतो, म्हणून तो बशीत ओतून आधीच निववून ठेवला. देवळाची झाडलोट करणाऱ्या सोजराबाईंना प्रत्येक वीरगळाची गोष्ट पाठ आहे. त्यांना मामांनी बजावलं, "एका दगडाला चाळीस सेकंद. कोण मेलं तेवढंच सांगा." मग सगळ्यांना टेकडीवर नेलं आणि पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणाले, "सूर्य इथं मावळतो." तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. एकानं विचारलं, मावळताना बघायचा नाही का? मामा म्हणाले, "जागा कळली ना? मग थांबायचं कशाला?"

दुसऱ्या दिवसाचं दुपारचं जेवण पहिल्याच दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी झालं. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. संध्याकाळी त्यांनी इंटरनेटवर पाच चांदण्या देऊन लिहिलं, 'अप्रतिम नियोजन. दोन दिवसांचं सगळं अर्ध्या दिवसात होतं. मुक्कामाची गरज नाही.'

मी मामांशी कडाकडा भांडले. "माझ्या पायावर धोंडा पाडलात," मी म्हणाले. "आता तर लेखी झालं, की इथं राहायची गरजच नाही. तुम्हाला थांबणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही, मामा. मामीला विचारा, एकदा तरी तिच्याजवळ निवांत बसलात का?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. मामा ओट्यावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "चौतीस वर्षं माणसांना घाई लावायचाच पगार घेतला गं. थांबा असं कुणाला म्हणायची वेळच आली नाही." मला वाईट वाटलं. पण दसऱ्याआधी एकच शनिवार उरला होता, त्यामुळे फार वेळ वाईट वाटून घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा थेरगावला गेले आणि संध्याकाळी एक लाल कापडी बांधणीची वही घेऊन परत आले. वहीवर लिहिलं होतं, 'उशिराची कारणे'. कारखान्यात काम कशाकशानं रेंगाळतं, याची त्यांनी टिपलेली दोनशे बारा कारणं, प्रत्येकापुढे मिनिटं. हत्यार जागेवर नसणे. आलेल्या वाटेनं परत जावे लागणे. एकाची वाट बघत सगळे थांबणे. गाववाला भेटणे.

"हे सगळं मी आयुष्यभर काढून टाकलं," मामा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "आता एकेक परत घालू."

त्या शनिवारी तीन कुटुंबं येणार होती, सगळी नोकरदार. दिवसाची सहल, वाटलं तर मुक्काम, असं बोलणं होतं. चौथ्या खोलीला कुणी नव्हतं. मी नवऱ्याला, जयदीपला, म्हटलं की आपण दोघं चौथ्या खोलीत झोपू. तो म्हणाला, आबा दाराला कान लावून आपला आवाज ओळखतील.

मामांनी पाहुण्यांना देवळात पुढच्या दारानं आत घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर काढलं. चपला राहिल्या पुढे. अनवाणी वळसा घालून यायचं तर वाट वीरगळांवरून, आणि तिथं सोजराबाई. या वेळी त्यांना कुणी मिनिटं घालून दिली नव्हती. प्रत्येक पडलेला वीर त्यांच्या माहेरचा निघाला आणि त्याला पाडणारा सासरचा. एकेका दगडाला अर्धा तास लागला. पाहुणे मांडी घालून बसले, एका बाईंनी तर सोजराबाईंच्या सासूला चार शिव्याही दिल्या.

जेवणाच्या वेळी खलबत्ता शेजारच्या घरी होता, मीठ तिसऱ्या घरी आणि पाटा पार वेशीजवळ. मामांनी एकेक पाहुणा एकेका घरी पिटाळला. आता गावात पाहुणा नुसतं मीठ घेऊन परत येतो होय? चहा झाला, कुणाला पोहे झाले, मीठ आणायला गेलेला माणूस तर नव्या म्हशीला नाव ठेवून आला. दुपारचं जेवण उरकायला चार वाजले.

आणि नेमकं तेव्हाच घोटाळा व्हायची वेळ आली. चार ही परत निघायची वेळ. कुणीतरी गाडीची किल्ली काढली. मामांनी शांतपणे वही उघडली आणि कारण क्रमांक एकशे अठ्ठ्याहत्तरवर बोट ठेवलं. तिथं एकच शब्द होता, मीटिंग.

"जाता जाता तेवढं सांगा," मामा पाहुण्यांना म्हणाले. "रात्री भरीत करावं की पिठलं? सगळ्यांनी मिळून ठरवा, म्हणजे वाद नको."

पाहुण्यांत अवधूत नावाचे एक मॅनेजर होते. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि लिहायला फळा आहे का, असं विचारलं. मामांनी गोठ्याचं दार आणि खडू दिला. भरिताचे फायदे, पिठल्याचे तोटे. कुणी म्हणालं, आधी निकष ठरवू. कुणी म्हणालं, लहान मुलांचं मतही घ्यायला हवं. तिखट किती, यावर वेगळी समिती नेमली. मधेच एक बाई म्हणाल्या, पण आपण रात्री आहोत का इथं? मामा म्हणाले, "तो विषय आजच्या अजेंड्यावर नाही." त्या लगेच गप्प बसल्या. साडेसहाला दोन्ही करायचं ठरलं. एवढं ठरवल्यावर न खाता कोण जाणार? तीन खोल्यांत सामान गेलं. चौथीचं दार उघडंच होतं.

तेवढ्यात मोटारसायकलवरून पिंटू आला, हातात मोजायची टेप. चौथ्या खोलीत किती कॉट बसतील ते बघायला आला होता. आबांनीच बोलावलं होतं. मी चौथ्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिले.

"पाचच मिनिटं, वहिनी," पिंटू म्हणाला.

"पाचच ना? मग एवढं सांगा," मामा म्हणाले. "भरिताला हे जांभळं वांगं चालेल का?"

पिंटू जळगावचा आहे हे मामांना आधीच माहीत होतं की नाही, देव जाणे. पिंटूनं वांग्याकडे पाहिलं, मग आमच्या गॅसकडे पाहिलं, आणि टेप खाली ठेवली. "गॅसवर? भरीत?" तो म्हणाला. "हिरवी वांगी नाहीत इथं? बरं राहू द्या. काट्या आणा. शेंगदाणे आणा. तुम्ही सगळे बाजूला व्हा."

त्यानं मळ्यात जाळ केला, वांगी भाजली, ठेचली, पातीचा कांदा घालून भरीत केलं आणि अवधूतरावांच्या तिखट समितीला हुसकून लावलं. सोजराबाईंनी त्याचं गाव विचारलं, गोत विचारलं, लग्न का जमत नाही ते विचारलं. त्यानं चार भाकरी खाल्ल्या, जरा पाठ टेकतो म्हणाला आणि चौथ्या खोलीत आडवा झाला.

सकाळी आबांनी बंद दारं मोजली. चार. "पर चौथ्यात पिंटू हाय," ते मामांना म्हणाले. "त्यो काय पाव्हणा व्हय?"

"जेवला, झोपला, अजून उठला नाही," मामा म्हणाले. "आणखी पाहुणा कसा असतो?"

आबांना ते पटलं नाही. ते पिंटूच्या दारासमोर बाज टाकून बसले. पिंटू नऊ वाजता उठला. त्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, रविवार कामाचा. फोनवर एकतीस कॉल येऊन गेले होते, त्याची चाळीस पोरं सात वाजल्यापासून महाळुंग्याच्या गेटवर त्याची वाट बघत उभी होती. त्यानं फोन पाहिला, खिशात ठेवला आणि रात्रीचं भरीत उरलंय का, असं मला विचारलं. मामा या गडबडीत नव्हतेच. त्यांची साडेआठची एसटी निघून गेली होती आणि ते देवळामागं सोजराबाईंचा तिसरा दगड ऐकत बसले होते.

"मंग," आबा म्हणाले, "कवा आणतोस पोरं?"

पिंटूनं घास गिळला. "नको, आबा," तो म्हणाला. "मी पाच मिनिटांसाठी आलो होतो. माझी पोरं इथं ठेवली, तर एक पण वेळेवर शिफ्टला जायचा नाही."

पलीकडे गोठ्याच्या दारासमोर पाहुणे नाश्त्याला काय करायचं ते ठरवत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आबांनी पिंटूची टेप उचलून त्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढल्या शनवारी वांगी किती तोडू?"

"चार खोल्यांची तोडा," मी म्हणाले.