एका महिन्याचा फॉर्म

बेसबॉल आमच्या घरात शिरला तो नवऱ्याच्या साहेबामुळे. साहेब अमेरिकन. त्याने ऑफिसात एक लीग काढली होती. प्रत्येकाने आपापली टीम निवडायची, तीही फक्त कॉम्प्युटरवर. खेळाडू मात्र खरे, अमेरिकेतले, आणि ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे आपल्याला पॉइंट्स. साहेबाचीच लीग म्हटल्यावर दुबईत देरा भागातल्या त्या ऑफिसमधले झाडून सगळे इंजिनिअर सामील झाले. एकालाही त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं!

नवऱ्याने आपला मुख्य फलंदाज घेतला, तो का? तर म्हणे चेंडू सुंदर सोडतो. दादरच्या मैदानावर वाढलेला माणूस. बाहेरचा चेंडू कोणी शांतपणे सोडला की याला भरून येतं. आणि त्या लीगमध्ये चेंडू सोडण्याला एकही पॉइंट नव्हता. ऑफिसभर हसं झालं. "टेस्ट मॅच काढायची आहे का रे?" असं मीही चिडवलं. पण दरवर्षी त्याने त्यालाच घेतलं. उन्हाळा सरता सरता तो फलंदाज पेटायचा, आणि मग हसणारे गप्प व्हायचे.

मग मंदी आली. आमच्या बिल्डिंगमधली दोन मराठी कुटुंबं सुट्टीला म्हणून गेली ती परतलीच नाहीत. पुढच्या वर्षी साहेबाने नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. गेल्या क्वार्टरमध्ये तुझ्या हातात प्रोजेक्ट नव्हता, सॉरी. त्या कंपनीतली सहा वर्षांची नोकरी, आणि खलास!

व्हिसा कंपनीचा. नोटीस संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. मुलगी नववीत. जन्म इथला, मैत्रिणी इथल्या. तिच्या दृष्टीने परदेश म्हणजे भारत. नवरा दारोदार सीव्ही देत होता आणि जो तो "इन्शाल्ला, कळवतो" म्हणत होता. साहेबानेही अबुधाबीच्या ऑफिसात काही होतंय का बघतो म्हटलं होतं. आमची सगळी आशा त्या एका वाक्यावर.

आणि हा बाबा रोज सकाळी उठून लीग उघडायचा! त्याचा फलंदाजही नेमका तेव्हाच झोपलेला. महिनाभर धड बॅट लागली नव्हती.

"बाबा, जस्ट ड्रॉप हिम. ही इज डन," मुलगी म्हणायची.

"अगं, बॅड पॅच आहे. येईल परत."

माझं डोकं फिरायचं. "मेलं ते बेसबॉल! आपलं घर उठायला आलंय आणि तू कोणाच्या फॉर्मची काळजी करतोस?"

जूनमधला शुक्रवार, इथला सुट्टीचा वार. आम्ही पोहे खायला बसलो होतो आणि साहेबाचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

साहेबाला तो फलंदाज हवा होता. "मला दे," तो म्हणाला, "बदल्यात माझ्या टीममधला कोणीही घे."

नवरा म्हणाला, "सर, तो महिनाभर खेळलेलाच नाही."

साहेब मोठ्याने हसला. "एका महिन्यावर माणूस जोखतात का? त्याचं सगळं करिअर बघ. असा माणूस हातचा घालवायचा नसतो."

ज्या माणसाच्या तोंडून मी सहा वर्षं फक्त "येस सर" ऐकलं, तो अगदी हळू म्हणाला, "सर, माझं करिअर बघितलं होतं तुम्ही? की नुसता गेला क्वार्टर?"

पलीकडून, ते माझ्या हातात नव्हतं, वगैरे. अबुधाबीचं नाव नाही.

"नो प्रॉब्लेम, सर. घ्या तुम्ही त्याला. बदल्यात मला कोणी नको."

फोन ठेवला. त्या साहेबाचा असा संताप आला मला! नवऱ्याचा अभिमानही वाटला, पण तो सांगायला तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं.

नवऱ्याने ताटली पुढे ओढली. मुलीकडे न बघता म्हणाला, "रविवारी शाळा उघडली की तुझ्या शाळेत जाऊ. दाखला काढावा लागेल."

मला वाटलं, ही आता आकांडतांडव करणार. ती फक्त "ओके, बाबा" म्हणाली आणि पोहे खात राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.