वापरकर्ता क्रमांक दोन

पिकाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या अ‍ॅपमधील नोंद अशी: वापरकर्ता क्रमांक दोन, हुद्दा सिंचन पर्यवेक्षक, अनुभव बेचाळीस वर्षे. नोंद सुनेने केली. सासरे एवढेच म्हणाले, "घाल काय घालायचं ते."

मातीतला ओलावा मोजणारी कांडी तिने बांधाकडेच्या रोपाशी रोवली होती. आठ दिवस अ‍ॅप सांगत राहिले, पाणी नको. इकडे टोमॅटोने माना टाकल्या. सासऱ्यांनी मधल्या सरीतली माती मुठीत दाबून पाहिली. गोळा काही वळेना.

"सूनबाई, तुझं यंत्र थापा मारतंय."

"ते कशाला मारेल, मामंजी? तुम्हीच त्याला रोज पाणी पाजता!"

खरेच होते. याच बांधावर सासरे आणि त्यांची बायको दुपारी टेकत. तांब्यातले उरलेले पाणी ते फेकायला निघाले की ती म्हणे, "सांडता काय? रोपाला घाला." तिला जाऊन सहा वर्षे झाली, सवय राहिली.

सुनेने कांडी मधल्या सरीत हलवली आणि पाणी सोडले. बांधावरच्या तांब्याबद्दल मात्र ती काही बोलली नाही. अ‍ॅप आता रोज सकाळी सिंचन पर्यवेक्षकांना न चुकता सूचना पाठवते. त्यांच्याकडे मोबाइल नाही.