काकूंच्या रागाच्या चार प्रती

सुखदेवकाकांना रोज सकाळी घरातून बोलणी बसायची, आणि बोलणारी बाई हयात नव्हती. सौसरच्या त्या गल्लीत आम्ही नवीन राहायला गेलो तेव्हा मी बायकोला म्हणालो, "शेजारीण फार कडक दिसते." दुसऱ्या दिवशीही तेच शब्द, तोच खोकला, शेवटी तेच "डोकं आहे का मडकं?" ऐकलं, तेव्हा खरा प्रकार कळला.

काका वीजखात्यातून निवृत्त झालेले. शांताकाकू असताना ते एकदा तिगावला बहिणीकडे गेले आणि दळणाचा डबा दारातच विसरले. काकूंनी फोन केला. मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग चुकून सुरू होतं. "दळणाचा डबा तसाच टाकून गेले न तुमी? पीठ का आभाळातून पडन? मफलर बी खुंटीलेच. डोकं आहे का मडकं?" काकू गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून एवढंच उरलं; काका तेच रोज सकाळी लावत. लग्नाच्या कॅसेटमध्ये त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. "तवा लाजून राहिली होती," काका सांगत, "मंग सारं भरून काढलं."

मी शाळेत शिकवतो, घरी लॅपटॉप आहे, म्हणून हा राग जपून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मेमरीचे प्रकार समजावले. काकांनी ते नेऊन स्वतःच्या घरात बसवले. रॅम म्हणजे सैपाकाचा ओटा. "काम चालू तवरच पसारा. लाईन गेली का ओटा साफ." हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कोठी. रॉम म्हणजे स्वभाव. "तो वरूनच लिहून येते. मी का कमी समजावलं तिले?" क्लाउडचं नाव काढलं की मात्र भडकायचे. "ज्याचं दार ठाऊक नाही, त्याच्या घरी बायको ठेवू का?"

प्रती किती करायच्या याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "बियानं कोनी एका घरी ठेवते का, सर? एका घरी उंदीर लागले तर दुसऱ्या घरचं उगवते." त्यामुळे सीडी लोधीखेड्याच्या साळ्याकडे गेली, पेन ड्राइव्ह पांढुर्ण्याच्या पुतण्याकडे आणि मेमरी कार्ड तिगावच्या बहिणीकडे. हार्ड डिस्क घरी राहिली, तीसुद्धा जामसावळीला हनुमानाच्या पायाशी लावून आणल्यावर. काम झाल्यावर माझ्या लॅपटॉपवरची प्रत मात्र त्यांनी पुसायला लावली; ओटा साफ.

मग एक दिवस मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला. काका निवांत होते. "चार घरं आहेत," म्हणाले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. लोधीखेड्याला साळ्याने सीडी संत्र्याच्या झाडाला टांगली होती. "पाखरं भेतात भाटवा, लय गुनाची हाय," तो म्हणाला. तिच्यावर ओरखडे इतके होते की लॅपटॉपने ती दोनदा बाहेर फेकली. पुतण्याने पेन ड्राइव्हमध्ये वरातीची गाणी भरली होती. तिगावच्या बहिणीने कार्ड देव्हाऱ्यात ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं होतं, वर दिवाळीला दुधाने आंघोळ घातली होती. काका प्रत्येक ठिकाणी "घरची पक्की आहे," एवढंच म्हणत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून मडकं उतरवलं. तोंड शेणामातीने लिंपलेलं. आत चाळलेली राख, कडुनिंबाचा पाला आणि मधोमध आमची हार्ड डिस्क. मी डोक्याला हात लावला. "तुमीच म्हनले न, व्हायरस लागते?" काका म्हणाले. "तुरीले आमी असंच ठेवतो. कीड जवळ येत नाही." कीड आली नव्हतीच. पण राख आतपर्यंत गेली होती. डिस्क जोडली तेव्हा जरा कुरकुरली आणि कायमची गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी गल्ली सुनी वाटली. दुपार झाली तरी काका खाटेवरून उठले नाहीत. मी गेलो तर म्हणाले, "कोनी रागवूनच नाही राहिलं, तर उठाव कायले?" मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात समोरच्या भागरताबाई तांदूळ निवडता निवडता मोठ्याने म्हणाल्या, "दळणाचा डबा तसाच टाकून गेले न तुमी?" रोज ऐकून त्यांना पाठच होतं. माझी बायको खिडकीतून ओरडली, "पीठ का आभाळातून पडन? मफलर बी खुंटीलेच."

काका उठून बसले. "मफलरच्या आंधी खोकला आहे," ते म्हणाले.

दोघींनी पहिल्यापासून म्हटलं. खोकल्यासकट. मडक्यापर्यंत आल्यावर बायको भरात म्हणून गेली, "आन सकाळपासून काही खाल्लं का नाही?"

ती चपापली. हे मूळ रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. काका खिडकीकडे वळले.

"मडकं म्हनली, तवा मी रागानं फोनच ठेवून देल्ला होता," ते म्हणाले. "पुढं हेच म्हनली असन."

मग घरातल्या रिकाम्या खुंटीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "नाही वो. खाल्लं नाही."